सोंगट्यांचें तर्कशास्त्र

लुई कॅरल या टोपणनांवानें ॲलिसच्या दोन नवलकथा लिहिणाऱ्या ग्रंथकारानें आयुष्याच्या अखेरीस तर्कशास्त्रावर एक पुस्तक लिहिलें, ही गोष्ट त्या कथांच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असते. 'सिंबॉलिक लॉजिक' असें त्या पुस्तकाचें नांव. त्याचा पहिला भाग १८९६ सालीं लंडनच्या मॅक्मिलन कंपनीनें प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षीं त्याची चौथी आवृत्ति निघाली. १८९८ च्या जानेवारींत ग्रंथकार वारला. योजिलेले दुसरा व तिसरा हे भाग त्याच्या हयातींत बाहेर पडले नाहींत. त्याचें खरें नांव चार्ल्स लट्विज डॉड्सन. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांत १८५५ पासून १८८१ पर्यंत तो गणिताचा अध्यापक होता. तर्कशास्त्राच्या पुस्तकावर मात्र त्यानें मुद्दाम आपलें कथाकाराचें नांव घातलें, कारण हें पुस्तक विद्वानांसाठीं नसून घरोघरच्या मुलामुलींनीं करमणूक म्हणून हातीं घ्यावें अशी त्याची इच्छा होती.

या पुस्तकाच्या वांट्यास आजवर दोन प्रकारचे वाचक आले. पहिला वर्ग साहित्यप्रेमी मंडळींचा. ही मंडळी त्यांतील बदकें, मगरी व तान्हीं मुलें यांच्याविषयींचीं विनोदी वाक्यें वाचून हंसतात, आणि बाकीचें पुस्तक शाळामास्तरी म्हणून बाजूस सारतात. दुसरा वर्ग तर्कशास्त्रज्ञांचा. फ्रेगेचा क्रांतिकारक ग्रंथ १८७९ सालींच प्रसिद्ध झाला असतां १८९६ सालीं जुन्याच धर्तीचीं अनुमानें सोडवीत बसणारें हें पुस्तक त्यांस मागासलेलें खेळणें वाटतें, आणि त्यांतील विनोद हा वरून दिलेला मुलामा वाटतो. ही दोन मतें वरवर परस्परविरुद्ध दिसलीं तरी मुळांत एकच आहेत : विनोद निराळा आणि शास्त्र निराळें. आमचें मत याहून वेगळें आहे. या पुस्तकांतील विनोद हाच त्यांतील शास्त्राचा पाया आहे. आणि पुस्तकांत जे खरे दोष आहेत ते विनोदामुळें आलेले नसून दुसऱ्याच कारणानें आलेले आहेत. हें मत येथें उदाहरणांनिशीं मांडण्याचा विचार आहे.

प्रथम युक्तिवादाची शुद्धता म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. समजा, एखाद्या सभेंत कोणी म्हणाला, 'सर्व खरे देशभक्त साधे राहतात. अमुक गृहस्थ साधे राहतात. यास्तव ते खरे देशभक्त होत.' ज्यांस त्या गृहस्थांविषयीं आदर आहे ते मान डोलावतील. ज्यांस तो नाहीं ते, देशभक्त साधे राहतातच असें कोठें आहे, असा वाद घालूं लागतील. दोन्ही पक्षांचें लक्ष भलत्याच जागीं आहे. याच सांच्यांत दुसरे शब्द घालून पाहावे : 'सर्व कावळ्यांस पंख असतात, पोपटांस पंख असतात, यास्तव पोपट हे कावळे होत.' सांचा तोच. पण आतां त्याची फट लहान मुलासही दिसते. आधारवाक्यें खरीं मानलीं असतां निष्कर्ष खोटा ठरणें ज्या सांच्यांत अशक्य असतें, तो सांचा शुद्ध. आधारवाक्यें प्रत्यक्षांत खरीं आहेत कीं नाहींत, हा प्रश्न वेगळा. तो इतिहासानें, प्रयोगानें किंवा साक्षीपुराव्यानें सोडवावयाचा असतो. तर्कशास्त्राचें काम त्या दोन प्रश्नांची सरमिसळ होऊं न देणें हें आहे.

सांचा पाहावयाचा तर त्यांत भरलेला माल काढून टाकला पाहिजे, आणि त्यासाठींच चिन्हें. ही कल्पना कॅरलची नव्हे. १८४७ सालीं इंग्लंडांत दोन पुस्तकें निघालीं : एक जॉर्ज बूल याचें, दुसरें ऑगस्टस डी मॉर्गन याचें. बूल हा लिंकन गांवच्या एका चांभाराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी नसतांही तो १८४९ सालीं कॉर्क येथील कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला. डी मॉर्गन याचा जन्म १८०६ सालीं आपल्याच देशांत, मदुरेस झाला. आणि दिल्लीच्या मास्तर रामचंद्र यांचा गणितावरील ग्रंथ १८५९ सालीं प्रस्तावना जोडून लंडनला प्रसिद्ध करणारा तोच. बूलनें दाखविलें कीं वस्तूंचे वर्ग अक्षरांनीं मांडले तर त्यांवर बीजगणितासारख्या क्रिया करतां येतात. मात्र त्या बीजगणिताचा एक नियम आपल्या शाळेंतील बीजगणितापेक्षां वेगळा : पांढऱ्या वस्तूंतून पुन्हां पांढऱ्या वस्तू निवडल्या तर त्या पांढऱ्याच राहतात, म्हणून कोणत्याही अक्षरास त्याच अक्षरानें गुणिलें असतां तेंच अक्षर येतें. १८८० सालीं जॉन व्हेन यानें एकमेकांस छेदणाऱ्या वर्तुळांनीं हेच वर्ग दाखविले. कॅरलचें वैशिष्ट्य असें कीं त्यानें ही विद्या अभ्यासिकेंतून उचलून दिवाणखान्यांतील मेजावर आणून ठेविली. १८८६ सालीं निघालेल्या 'दि गेम ऑफ लॉजिक' या आपल्या आधींच्या पुस्तकाबरोबरच त्यानें एक पुठ्ठ्याचा पट व नऊ सोंगट्या दिल्या होत्या. त्यांपैकीं चार तांबड्या व पांच करड्या. ऑक्सफर्डच्या मुलींच्या हायस्कुलांत तो स्वतः जाऊन ही विद्या शिकवीत असे.

पटाची रीति सांगितल्यावांचून पुढील चर्चा समजणार नाहीं. वाचकांनीं कागदावर एक मोठा चौकोन काढून एका आडव्या व एका उभ्या रेषेनें त्याचे चार भाग करावे. मग मधोमध एक लहान चौकोन असा काढावा कीं त्यांत चारही भागांचा थोडथोडा अंश यावा. अशीं आठ घरें होतात. आतां विषय आचाऱ्यांचा घेऊं. वरचा अर्धा भाग गाणाऱ्या आचाऱ्यांचा, खालचा न गाणाऱ्यांचा. डावा अर्धा आमच्या आळींतील आचाऱ्यांचा, उजवा बाहेरच्यांचा. आंतला चौकोन मीठ विसरणाऱ्यांचा, त्याच्या बाहेरची जागा न विसरणाऱ्यांची. करडी सोंगटी म्हणजे 'हें घर रिकामें आहे'. तांबडी म्हणजे 'येथें कोणी तरी आहे.'

पहिलें आधारवाक्य : 'गाणारा एकही आचारी मीठ विसरत नाहीं.' म्हणजे आंतल्या चौकोनाचीं वरचीं दोन घरें रिकामीं. तेथें दोन करड्या सोंगट्या ठेवाव्या. दुसरें आधारवाक्य : 'आमच्या आळींतील सर्व आचारी मीठ विसरतात.' म्हणजे डाव्या बाजूचीं बाहेरचीं दोन घरें रिकामीं. तेथें आणखी दोन करड्या. शिवाय आळींत आचारी आहेत हें कॅरलच्या रीतीप्रमाणें या वाक्यांतच आलें. ते आंतल्या चौकोनाच्या डाव्या बाजूस कोठें तरी असले पाहिजेत. त्यांपैकीं वरचें घर आधींच रिकामें ठरलें असल्यानें तांबडी सोंगटी खालच्या घरांत बसते. आतां आंतला चौकोन विसरून केवळ डावा वरचा भाग पाहावा. त्यांतील दोन्ही घरांत करड्या सोंगट्या आहेत. म्हणजे आमच्या आळींत गाणारा आचारी नाहीं. डाव्या खालच्या भागांत तांबडी आहे. म्हणजे न गाणारे आहेत. निष्कर्ष : 'आमच्या आळींतील एकही आचारी गात नाहीं.' तो आम्हीं काढला नाहीं. सोंगट्या ठेवल्याबरोबर तो पटावर येऊन बसला.

मघांचा देशभक्ताचा युक्तिवाद याच पटावर मांडून पाहावा. वर देशभक्त, डावीकडे ते गृहस्थ, आंत साधे राहणारे. करड्या सोंगट्या बाहेरच्या तीन घरांत जातात. पण गृहस्थांची तांबडी सोंगटी आंतल्या चौकोनाच्या डाव्या बाजूस वर जावी कीं खालीं, हें सांगणारें कांहींच आधारवाक्यांत नाहीं. ती दोन घरांमधील रेषेवरच अडून राहते. युक्तिवाद अशुद्ध आहे. मात्र गृहस्थ देशभक्त नाहींत असेंही यांतून निघत नाहीं. विरोधकांच्या युक्तिवादांत दोष सांपडला कीं त्यांचा निष्कर्षही खोटा ठरला असें मानणारे लोक सर्व पक्षांत असतात. त्यांनीं ही रेषेवरील सोंगटी नीट पाहून ठेवावी.

आतां विनोदाकडे वळूं. तर्कशास्त्राचीं रूढ पाठ्यपुस्तकें सॉक्रेटिस मर्त्य आहे हें सिद्ध करून दाखवितात. सॉक्रेटिस वारला हें विद्यार्थ्यास आधींच ठाऊक असतें. म्हणून तो दोन आधारवाक्यें न तपासतांच निष्कर्षास मान डोलावतो, आणि आपण तर्क केला असें समजतो. वर्गांत अनेक वर्षें हा अनुभव आम्हीं घेतला आहे : निष्कर्ष ओळखीचा असला कीं विद्यार्थी सांचा पाहत नाहीं, आणि निष्कर्ष अप्रिय असला कीं निर्दोष सांच्यांतही त्यास खोट दिसते. हा केवळ विद्यार्थ्यांचा दोष नव्हे. १९८३ सालीं जोनाथन एव्हन्स व त्याचे सहकारी यांनीं केलेले मानसशास्त्रीय प्रयोग प्रसिद्ध आहेत. अशुद्ध युक्तिवादाचा निष्कर्ष पटण्याजोगा असतां शेंकडा ७१ वेळां लोकांनीं तो शुद्ध म्हणून स्वीकारला. तितकाच अशुद्ध युक्तिवाद, पण निष्कर्ष न पटण्याजोगा असतां शेंकडा १० वेळांच स्वीकारला. म्हणजे युक्तिवादाची परीक्षा करावयास बसलेला मनुष्य बहुधा आपल्या मतांचीच उजळणी करीत असतो.

कॅरलनें नाचणारीं बदकें व माणसाळलेल्या मगरी कां आणल्या, याचें उत्तर येथें आहे. बदकाच्या नाचाविषयीं कोणासही मत नसतें. त्या बाबतींत कोणाचा पक्ष नाहीं, अभिमान नाहीं, लहानपणचा संस्कार नाहीं. निष्कर्ष खरा वाटावा किंवा खोटा वाटावा असें कांहींच कारण नसल्यामुळें वाचकास सांच्याकडेच पाहावें लागतें. चिन्ह जें काम अर्थ काढून टाकून करतें, तेंच काम हें वेडगळ वाक्य अर्थ ठेवून, पण त्या अर्थास वजन न देतां करतें. म्हणून हा विनोद साखरेच्या पुटासारखा नाहीं. बोलण्यापासून चिन्हापर्यंत जाणाऱ्या जिन्याची तो मधली पायरी आहे. ही पायरी बूलच्या ग्रंथांत नाहीं, व्हेनच्याही नाहीं. ती बांधण्यास कथाकारच पाहिजे होता. एकामागून एक आठ-दहा वाक्यें देऊन त्यांतून एकच निष्कर्ष काढावयास लावणारीं जीं लांबलचक कोडीं या पुस्तकांत आहेत, त्यांत तर ही गोष्ट फारच स्पष्ट दिसते. तेथें निष्कर्षाचा अंदाज बांधून उत्तर जुळविण्याची सोयच राहत नाहीं. एक एक समान पद खोडीत, सांखळीची एक एक कडी जोडीतच शेवटास जावें लागतें.

युक्तिवाद पटावर मांडून पारखण्याची ही कल्पना भारतीय वाचकांस अगदींच परकी वाटूं नये. बौद्ध नैयायिक दिङ्नाग याचें 'हेतुचक्र' तिबेटी भाषांतराच्या रूपानें उपलब्ध आहे. त्यांतही नऊ घरें आहेत. साध्य जेथें निश्चितपणें आहे तो सपक्ष, जेथें नाहीं तो विपक्ष. हेतु सपक्षांत सर्वत्र आहे, मुळींच नाहीं, कीं कांहीं ठिकाणीं आहे. आणि तसेंच तीन प्रश्न विपक्षाविषयीं. तीन त्रिक नऊ. त्यांपैकीं हेतु सपक्षांत सर्वत्र किंवा कांहीं ठिकाणीं असून विपक्षांत मुळींच नसेल, अशा दोनच घरांतील अनुमान ग्राह्य. दोन घरांतील हेतु उलट गोष्टच सिद्ध करतो. बाकीच्या पांच घरांत कांहींच ठरत नाहीं. वक्ता कोण व त्याचा अधिकार किती, यास या चक्रांतही घर नाहीं.

तथापि यावरून आपल्याकडे सर्व कांहीं आधींच होतें अशी फुशारकी मारणें योग्य होणार नाहीं, कारण दोहोंचा हेतु भिन्न आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'ची आठल्ये व बोडस यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति मुंबईस १८९७ सालीं, म्हणजे कॅरलच्या पुस्तकामागून वर्षभरांतच निघाली. ती चाळली तरी हा भेद दिसून येतो. न्यायशास्त्रास अनुमान हें ज्ञान मिळविण्याचें प्रमाण म्हणून पाहिजे आहे. म्हणून त्यास उदाहरण लागतें : धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हेतूच पक्षावर नसला, किंवा साध्याचा अभाव दुसऱ्या बलवत्तर प्रमाणानें ठरलेला असला, तर न्यायशास्त्र त्यास हेत्वाभास म्हणतें. नैयायिक कॅरलच्या गाणाऱ्या आचाऱ्यास दारांतूनच परत पाठवील; कारण ही व्याप्ति कोठें पाहिली, असें तो विचारील. त्याचें हें विचारणें योग्यच आहे, आणि कॅरलचें न विचारणेंही योग्यच आहे. पहिल्यास सत्य हातीं लागावयाचें आहे. दुसऱ्यास सत्याकडे नेणारा एक दुवा सुटा करून पारखावयाचा आहे. पण जो वाचक पटावर बसलेला निष्कर्ष सत्य मानून घरीं नेईल, त्यास नैयायिकाचा धाक अवश्य पाहिजे.

आतां दोषांचा विचार करूं. पहिला दोष तांबड्या सोंगटीचा. 'सर्व अमुक तमुक आहेत' असें म्हटलें कीं 'अमुक' जगांत आहेत, हेंही कॅरल त्यांतच गृहीत धरतो. आळींतल्या आचाऱ्यांच्या बाबतींत तें खपून गेलें. पण 'या ग्रंथालयांतून पुस्तकें चोरणारे सर्व लोक शिक्षेस पात्र आहेत' अशी पाटी लावली तर चोर अस्तित्वांत आहे असें ग्रंथपालानें म्हटलें काय? कदाचित् त्या पाटीमुळेंच एकही चोर निघणार नाहीं, आणि तरीही पाटीवरील वाक्य खरेंच राहील. कॅरलच्या पटावर मात्र ही पाटी मांडतांच चोराच्या घरांत तांबडी सोंगटी येऊन बसते. व्हेनची रीति याहून वेगळी होती : 'सर्व' या शब्दानें केवळ कांहीं घरें रिकामीं होतात, कोणतेंही घर भरत नाहीं. पुढील तर्कशास्त्रानें हीच रीति स्वीकारली. फरक लहान नाहीं. दोन आधारवाक्यें व एक निष्कर्ष यांच्या एकंदर २५६ सांच्यांपैकीं जुन्या परंपरेप्रमाणें २४ शुद्ध ठरतात; व्हेनच्या रीतीनें १५ च राहतात. कॅरलला हा वाद ठाऊक होता. ग्रंथकारानें आपल्या शब्दांचा अर्थ आरंभीं सांगून ठेविला म्हणजे तो अर्थ पाळण्याचा त्यास हक्क आहे, असें त्याचें उत्तर. हक्क आहे हें आम्हांस मान्य आहे, आणि त्यानें तो अर्थ शेवटपर्यंत सुसंगतपणें पाळला हेंही मान्य आहे. पण निवड चांगली नाहीं. कायदे, वचनें, इशारे व भयें हीं सर्व बहुधा नसलेल्या वस्तूंविषयींच बोलतात, आणि माणसांच्या संसारांतील अर्धेअधिक युक्तिवाद याच विषयांवर होतात.

दुसरा दोष याहून मोठा आहे. सोंगट्या ठेवण्याचें काम वाक्य ठराविक सांच्यांत बसविल्यानंतर सुरू होतें. वाक्यें अशीं बसवावीं कशीं, याचा विचार कॅरलनें केला आहे, नाहीं असें नाहीं. पण त्याचीं वाक्यें बसविण्यासाठींच घडविलेलीं असल्यामुळें फारसा प्रतिकार करीत नाहींत. जिवंत भाषा इतकी गरीब नसते. मराठींतील उदाहरण घ्यावें. 'पदवीधरच अर्ज करूं शकतात' आणि 'पदवीधर अर्ज करूं शकतातच' या दोन वाक्यांत अक्षरें तींच आहेत. एक 'च' तेवढा जागा सोडून गेला आहे. पहिल्याचा अर्थ, अर्ज करूं शकणारे सर्व पदवीधर आहेत. दुसऱ्याचा अर्थ, सर्व पदवीधर अर्ज करूं शकतात. पटावर करडी सोंगटी एकदम दुसऱ्याच घरांत जाते. 'सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहींत' हें वाक्य तर याहून अवघड. एकही झाला नाहीं, कीं कांहीं राहिले? बोलणाऱ्याच्या आवाजावरून तें कळतें. कागदावर तें कळत नाहीं. 'सर्व' कोठें संपतें व 'नाहीं' कोठपर्यंत पोंचतें, हें ठरविल्यावांचून एकही सोंगटी हलवितां येत नाहीं. आणि हें ठरविण्याचें काम कोणताही पट करूं शकत नाहीं. तें भाषा जाणणाऱ्यानेंच केलें पाहिजे.

येथेंच चिन्हांचा एक उपयोग मात्र लक्षांत येतो, आणि तो या पुस्तकाच्या बाजूनें सांगितला पाहिजे. एक प्रसिद्ध युक्तिवाद असा : 'मनुष्य जें कांहीं करतो तें स्वतःच्या इच्छेनें करतो, स्वतःच्या इच्छेनें करणें हा स्वार्थ, म्हणून आईची सेवा करणाराही स्वार्थीच.' तरुण मंडळींस हा युक्तिवाद फार आवडतो. तो पटावर मांडूं लागतांच, दोन्ही वाक्यांतील 'इच्छा' व 'स्वार्थ' यांस एकच अक्षर द्यावें काय, असा प्रश्न उभा राहतो. आपली इच्छा असणें वेगळें, आणि आपल्याच लाभाची इच्छा असणें वेगळें. दोन अक्षरें दिलीं कीं सांखळीची मधली कडी निसटते आणि निष्कर्ष निघत नाहीं. चिन्ह शब्दाचा अर्थ ठरवीत नाहीं हें खरें. पण एका शब्दाच्या आड दोन अर्थ लपून बसूं लागले तर तें आपणांस थांबवून विचारतें, आणि उत्तर दिल्यावांचून पुढें जाऊं देत नाहीं. वक्तृत्वास हें विचारलेलें आवडत नाहीं.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी कीं मर्यादा, हें वाचकांनींच ठरवावें. हा पट वर्गांचा आहे, संबंधांचा नाहीं. 'कोल्हापूर पुण्याच्या दक्षिणेस आहे. बेळगांव कोल्हापूरच्या दक्षिणेस आहे. यास्तव बेळगांव पुण्याच्या दक्षिणेस आहे.' यांत खोट कोणासही सांपडणार नाहीं; पण हा युक्तिवाद आठ घरांत बसविण्यास जागा नाहीं. संबंधांच्या तर्काकडे डी मॉर्गन यानें १८६० सालींच लक्ष वेधलें होतें, आणि फ्रेगेनें तर त्यासाठीं नवी लिपीच घडविली. कॅरल त्या वाटेस गेला नाहीं. मात्र त्याची बुद्धि जुन्याच चौकटींत थिजून राहिली होती असेंही नाहीं. त्याच्या दुसऱ्या भागाचीं छापखान्यांतील कच्चीं मुद्रितें विल्यम बार्टली यास सांपडलीं व १९७७ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत निष्कर्ष खोटा मानून, त्यापासून फांद्या फोडीत, प्रत्येक फांदी विरोधांत संपते कीं नाहीं हें पाहण्याची 'वृक्ष-पद्धति' आढळली. अशाच स्वरूपाची रीति एव्हर्ट बेथ यानें १९५५ सालीं स्वतंत्रपणें मांडली, आणि ती आज अभ्यासक्रमांतून शिकविली जाते. १९३६ सालीं चर्च व ट्यूरिंग यांनीं सिद्ध केलें कीं संबंध जमेस धरले असतां प्रत्येक युक्तिवादाची शुद्धाशुद्धता हमखास ठरवून देईल अशी यांत्रिक रीति असूंच शकत नाहीं. बूलच्या बीजगणितावर विजेचीं मंडलें कशीं रचावीं हें क्लॉड शॅनन यानें १९३७ सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें, आणि आजचीं गणकयंत्रें त्याच पायावर उभीं आहेत. सोंगट्यांचा पट हें त्या मोठ्या वृक्षाचें एक लहानसें पान होय. पानानें आपण वृक्ष असल्याचा दावा केलेला नाहीं.

शेवटची गोष्ट ग्रंथकाराच्या पदरीं टाकली पाहिजे. पट किती दूर जाऊं शकतो हें त्यास स्वतःस ठाऊक होतें. पुस्तकाच्या आदल्याच वर्षीं, १८९५ सालीं, त्यानें 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांत अकिलीझ व कांसव यांचा एक लहानसा संवाद लिहिला. कांसव दोन्ही आधारवाक्यें मान्य करतें, पण त्यांवरून निष्कर्ष मानलाच पाहिजे हें मात्र मान्य करीत नाहीं. अकिलीझ तो नियमही एक आधारवाक्य म्हणून वहींत लिहून घेतो. कांसव तेंही मान्य करतें, आणि पुन्हां विचारतें, तरीही मीं निष्कर्ष कां मानावा? अशी वही भरत जाते व कधींच संपत नाहीं. तात्पर्य उघड आहे : नियम कितीही लिहिले तरी ते कोणास हात धरून पुढें नेत नाहींत. निष्कर्ष दिसल्यावर तो स्वीकारणें हें काम शेवटीं मनुष्याच्या प्रामाणिकपणाचें आहे.

म्हणूनच हें पुस्तक सुशिक्षित घरांत असावें असें आम्हांस वाटतें. आमच्या घरांत वाद कमी होत नाहींत. पण ते बहुधा कोण बोलतें यावर ठरतात. वडील बोलले म्हणून खरें; मुलगी बोलली म्हणून पोरकटपणा; दूरचित्रवाणीवर मोठ्यानें बोलला तो जिंकला. पटावर वडीलकीचें घर नाहीं, आवाजाचें घर नाहीं, आणि आपल्या आवडीचेंही घर नाहीं. आजोबांनीं ठेवलेली सोंगटी चुकीच्या घरांत असेल तर बारा वर्षांची नात ती उचलून योग्य घरांत ठेवूं शकते, आणि त्यांत कोणाचाही अपमान होत नाहीं, कारण वाद आचाऱ्यांच्या मिठाविषयीं असतो. हा सराव झाल्यावर त्याच दोघांनीं लग्नखर्च, नोकरी, मतदान असे विषय त्याच पटावर घेऊन पाहावे. आठ घरें पुरणार नाहींत. पण कोणतें घर रिकामें आहे हें आधीं विचारण्याची संवय लागली तरी पुष्कळ झालें.

मराठींत असें पुस्तक लिहावयाचें झाल्यास मात्र त्याचें निव्वळ भाषांतर करूं नये. तांबड्या सोंगटीचा नियम व्हेनच्या रीतीनें सुधारून घ्यावा. आधारवाक्य आलें कोठून हें विचारणाऱ्या नैयायिकास एक प्रकरण द्यावें. आणि 'च', 'सुद्धां', 'तर' व 'नाहीं' या आपल्या चार चिमुकल्या शब्दांनीं सोंगटी कोणत्या घरांतून कोणत्या घरांत जाते, याचें प्रकरण सर्वांच्या आधीं घालावें. आचारी मात्र गाणारेच ठेवावे.